जन्मतारीख नसलेलं पाकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कुत्र्याला मांडीवर घेऊन बसायचं आणि रात्री कोंबडी खायची, हे कसलं प्राणिप्रेम?’ असा सवाल गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांनी केला होता. पत्र जेमतेम चार ओळींचं होतं, पण मला ते घरच्या पत्त्यावर आल्यासारखं वाटलं. वाचत होते तेव्हा आमचा मोत्या माझ्या पायावर डोकं टेकून घोरत होता आणि गॅसवर चिकन उकळत होतं. त्याच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. त्याचं बिनमिठाचं, एवढाच काय तो फरक.

मोत्याला तीन पाय आहेत. चौथा गाडीखाली गेला. पिल्लू असताना रस्त्याच्या कडेला सापडला, डॉक्टरांनी पाय काढला आणि तो आमच्याकडेच राहिला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. येणारे-जाणारे म्हणतात, ‘एक जीव वाचवलात.’ मीही आजवर मान डोलवत आले. ते पत्र वाचल्यावर मात्र मी कागद घेऊन हिशेब मांडला. मोत्याला महिन्याला दोन कोंबड्या लागतात. दोन गुणिले बारा गुणिले अकरा, म्हणजे दोनशे चौसष्ट. एका जिवापायी दोनशे चौसष्ट जीव, आणि त्यात माझं स्वतःचं ताट धरलेलंच नाही.

पहिली सबब लगेच सुचली: कुत्रा बिचारा मांसाहारी, त्याला काय करणार? मांजर असतं तर ही सबब टिकली असती. मांजराच्या शरीराला टॉरिन हे पोषक द्रव्य पुरेसं बनवता येत नाही. ते अन्नातून मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. कुत्र्याचं तसं नाही. माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर हजारो वर्षं काढून तो बदललाय. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, असं २०१३ साली संशोधकांना आढळलं. म्हणजे नीट आखलेल्या दुसऱ्या आहारावर मोत्याचं भागू शकलं असतं. चिकन त्याला आवडतं आणि त्याच्या डोळ्यांतली ती चमक मला आवडते. कारण तेवढंच आहे.

माझ्या स्वतःच्या सबबी तर याहून जुन्या. ‘वाघ काय गवत खातो?’ हे वाक्य मी किती जेवणांत टाकलं असेल, त्याची गणतीच नाही. टाळ्या मिळतात, म्हणून टाकायचं. पण वाघ हरणांना कोंडून, औषधं देऊन, सहा आठवड्यांत वाढवून खात नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ‘झाडांनाही जीव असतोच की’ हे दुसरं. असेलही. पण जनावर वाढवायला त्याला झाडपालाच चारावा लागतो, आपण तो थेट खाल्ला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे झाडांची कणव असणाऱ्याने तर मांस आधी सोडायला हवं. आणि ‘शरीराला गरज असते’ म्हणावं, तर बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घेतलं आणि आहाराकडे लक्ष दिलं तर बहुतेक धडधाकट माणसांचं मांसावाचून नीट चालतं. सबबींचं हे गाठोडं सोडून बघितलं तर आत एकच गोष्ट निघते. मला चव आवडते, आणि ती सोडण्याइतकी माझी तयारी नाही.

यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधासा प्रयोग केला. काही जणांना खायला सुकवलेलं गोमांस दिलं, काहींना काजू. मग वेगळ्याच निमित्ताने त्यांना विचारलं की कोणकोणत्या प्राण्यांची आपण नैतिक काळजी करायला हवी. ज्यांनी नुकतंच मांस खाल्लं होतं, त्यांची यादी आखूड निघाली. गाईविषयीची त्यांची कळकळही कमी भरली. आधी मत बनवून मग खाल्लं असं नव्हे, खाल्ल्यावर मत सरकलं. हे वाचून मी जरा हादरले. माझी मतं मी विचार करून बनवली आहेत अशी माझी समजूत होती.

मी स्वतः दहा-बारा वर्षांपूर्वी लाल मांस सोडलं. तब्येतीसाठी, आणि थोडं ‘मोठ्या जनावराचे डोळे बघवत नाहीत’ म्हणूनही. त्या जागी चिकन आलं. याला मी बरीच वर्षं पुण्यकर्म समजत होते. पण एका मोठ्या जनावराच्या मांसाइतकं मांस हवं असेल तर शंभराहून जास्त कोंबड्या लागतात. डोळे लहान म्हणून दिसले नाहीत, इतकंच.

आणि ती कोंबडी तरी कसली? कॅनडात संशोधकांनी १९५७ सालचा जपून ठेवलेला वाण आणि २००५ सालचा बाजारातला वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले. छप्पन्न दिवसांनी जुनी कोंबडी साधारण ९०० ग्रॅमची होती, नवी ४२०० ग्रॅमची. माणसाने निवड करकरून छातीचं मांस इतकं वाढवलं की पायांना तो भार पेलवेना. त्यातल्या कित्येक लंगडतात. मोत्याच्या लंगडण्यावर मी अकरा वर्षं जीव टाकतेय! कोंबडी मारली न जाता नीट जगली, तर पाच-सात वर्षं सहज जगते. ताटात येते ती बहुधा सहा आठवड्यांची असते, म्हणजे पिल्लूच.

आता पत्रलेखकांकडे वळते. ते शाकाहारी असावेत, दूध आणि कदाचित अंडीही घेत असावेत. उणंदुणं काढायचं नाही, पण अंड्यासाठी वाढवलेल्या जातीतला नर ना अंडी देतो ना पुरेसं मांस, म्हणून जगभर अशी अब्जावधी पिल्लं दरवर्षी पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून याला बंदी घातली. गोठ्यातल्या नर वासरांचं काय होतं, हाही असाच न विचारलेला प्रश्न. तेव्हा काठावर उभं राहून आम्हाला बुडताना बघण्याइतके तेही कोरडे नाहीत. मात्र त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही, आणि त्यांचे हात माझ्याइतके भरलेले नाहीत, हेही कबूल.

मला पटत नाही तो त्यांचा उपाय. खाता, तर प्रेमाच्या गप्पा मारू नका, असं ते म्हणतात. विसंगती तेवढ्याने मिटेल खरी, पण तिच्याबरोबर मिटेल ते प्रेमच. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंचं मला नेहमी नवल वाटतं. त्या स्वतः स्वमग्न (ऑटिस्टिक), जनावरांवर विलक्षण जीव, आणि आयुष्य घालवलं कत्तलखान्यांची रचना सुधारण्यात. गुरं ज्या चिंचोळ्या वाटेने नेतात त्या वाटेत त्या स्वतः शिरल्या, गुरांच्या नजरेच्या उंचीवरून पाहिलं. लोंबती साखळी, जमिनीवरची सावली, डबक्यातली चकाकी, असल्या गोष्टींनी जनावर बिचकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग वळणाच्या, बंद भिंतींच्या वाटा आल्या. मारण्याआधी पहिल्याच फटक्यात किती जनावरं बेशुद्ध झाली, किती हंबरली, किती घसरून पडली, हे मोजायची पद्धत त्यांनी घालून दिली. त्या मांस खातात. हे काम दांभिकपणाचं म्हणायचं का? मला नाही म्हणवत. पटतं असंही धड म्हणवत नाही. पण शेवटच्या तासाची भीती कमी झालेल्या जनावराला आपल्या वादाशी काही घेणंदेणं नसतं.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि त्यासाठीच हे पत्र. मांसाच्या पाकिटावर कालबाह्यतेची तारीख असते, जन्मतारीख नसते. ती छापावी. हे जनावर किती दिवस जगलं, किती जागेत वाढलं, मारण्याआधी बेशुद्ध केलं होतं का, एवढं ठळक अक्षरांत. अशक्य काही नाही. युरोपीय संघात २००४ पासून अंड्यावर आकडा छापणं सक्तीचं आहे. पहिला आकडा शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर हिंडणारी कोंबडी, दोन म्हणजे खुराड्यात पण मोकळी, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. तिथल्या जुन्या पिंजऱ्यांत एका कोंबडीला निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी असा नियम होता. ए-फोर कागदही याहून मोठा असतो. ते पिंजरे २०१२ पासून तिथे बंद झाले. इतक्या इवल्याशा टरफलावर जे मावतं, ते पाकिटावर मावायला हरकत नसावी.

छापलं तर मी वाचेन का? वरच्या प्रयोगातले लोक आठवले की खात्री देववत नाही. बहुधा पहिले काही दिवस पाकीट उलटं धरून पिशवीत टाकेन. पण आज ते उलटं धरायचीसुद्धा गरज पडत नाही.

चिकन शिजलं. मोत्या उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसलाय.

आपली,
एक नियमित वाचक