लेकीस पत्र, लेकच्या काठावरून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू येशील तोवर मी झोपलेलो असेन, म्हणून हे पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवतोय. आधी कबुली देतो. ‘जवळच एक चक्कर मारतो’ म्हणालो होतो, प्रत्यक्षात ओक स्ट्रीटच्या वाळूपासून थेट एकतिसाव्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. येताना बस धरली. दहा-बारा किलोमीटर तरी झाले असतील. आईला फोनवर यातलं अक्षर बोलायचं नाही. गुडघा ठीक आहे. नाक भाजलंय, कारण टोपी तुझ्या सोफ्यावर राहिली.

सकाळी दारातून निघताना चार वेळा ‘सॉरी बाबा’ म्हणालीस. अगं, ऐनवेळी सुट्टी रद्द झाली त्याला तू काय करणार? मला खटकलं ते वेगळंच. काठावर काय बघू असं विचारलं तर म्हणालीस, “मला तरी कुठे माहीत, मी वरूनच बघते.” तीन वर्षं झाली तुला शिकागोत, आणि लेक मिशिगन तू एकोणचाळिसाव्या मजल्याच्या काचेतून बघतेस!

‘लेक’ म्हणताना मला दिवसभर हसू येत होतं. आलो एका लेकीला भेटायला, ती ऑफिसात, आणि सोबत मिळाली ती ही दुसरी. हिला तलाव म्हणायला जीभ वळत नाही. अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, वाळू आहे. फक्त खाऱ्या वाऱ्याचा वास नाही, त्यामुळे डोळे समुद्र म्हणतात आणि नाक ऐकत नाही. उन्हात पाण्याचे रंग तर विचारू नकोस. काठाशी बाटलीसारखं हिरवं, मग मोरपंखी पट्टा, आणि लांब गर्द निळं. इमारतींमधून चालत होतो तोवर घाम फुटला होता, काठावर पोचलो आणि अंगावर काटाच आला. जूनमध्येही पाणी थंडच असतं. जमीन तापून तिच्यावरची हवा वर गेली की पाण्यावरची गार हवा आत घुसते.

एक फजितीही झाली. मागून कोणीतरी ‘ऑन युवर लेफ्ट!’ ओरडलं, म्हणून मी तत्परतेने डावीकडे सरकलो. सायकलवाली बाई थोडक्यात वाचली. ‘मी तुमच्या डावीकडून येतेय, तुम्ही आहात तिथेच राहा’ असा त्याचा अर्थ असतो, हे कोणी सांगायचं मला? शिवाय चालणाऱ्यांची वाट वेगळी होती. 2018 मध्ये या अठरा मैलांच्या वाटेवर सायकली आणि पादचारी वेगळे केले गेले. चुकीच्या वाटेवर मीच होतो.

लांब पाण्यात एक छोटीशी गोल इमारत दिसते, बघितली आहेस का कधी वरून? तुला ते दीपगृह वाटलं असेल. ती शहरासाठी तलावातलं पाणी घेण्याची जागा आहे. जन्मभर पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या माणसाला ती दिसल्यावर मी किती वेळ थांबलो असेन, ते तू ओळख. काठालगतचं पाणी घाण झालं, म्हणून इथल्या लोकांनी तलावाच्या तळाखालून दोन मैल बोगदा खणला. एक तुकडी काठाकडून, दुसरी आतल्या बाजूने, आणि मधे गाठ! 1867 ची गोष्ट. पण सांडपाणी नदीत आणि नदी तलावात, तेव्हा घाण पाठलाग करतच राहिली. शेवटी त्यांनी नदीच उलटी फिरवली. पंचेचाळीस किलोमीटरचा कालवा खणून 1900 च्या जानेवारीत तिचं तोंड तलावाकडून मिसिसिपीकडे वळवलं. मी नदीवरच्या पुलावर उभा राहून खाली बघत होतो. पाणी शांत, बोटी चाललेल्या, कोणाला पत्ता नाही. खालच्या अंगाला राहणाऱ्यांना तो कालवा अर्थातच आवडला नाही. मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1906 मध्ये हरलं. आपली घाण दुसऱ्याच्या दारात लोटून प्रश्न सुटला म्हणणं मला पटत नाही, पण इंजिनियर म्हणून टोपी काढली. (असती तर.)

मग ग्रँट पार्कात गवतावर आडवा झालो. पूर्वी इथे पाणीच होतं. 1871 च्या आगीत शहर जळालं, तेव्हाच्या विटामातीचा राडारोडा इथेच लोटला. म्हणजे मी जळक्या शिकागोवर पाठ टेकून पडलो होतो. एवढी मोक्याची जागा मोकळी कशी राहिली, त्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी. 1836 च्या एका नकाशावर अधिकाऱ्यांनी या पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक, कायम मोकळी, इथे बांधकाम नाही. लिहिलं आणि विसरले. पुढे माँटगोमेरी वॉर्ड नावाचा, टपालाने माल विकणारा व्यापारी मिशिगन अॅव्हेन्यूवर ऑफिस थाटून बसला. खिडकीतून त्याला कचरा आणि शेड दिसायचे. त्याने तो जुना नकाशा काढला आणि 1890 मध्ये कोर्टात गेला. 1911 पर्यंत भांडत राहिला. पार्कात संग्रहालय नको म्हणाला, तेव्हा गावातल्या बड्या लोकांनी त्याला आडमुठा ठरवलं. फील्ड म्युझियम अखेर दक्षिणेला भराव घालून केलेल्या जमिनीवर उभं राहिलं. तोही खिडकीतूनच बघायचा बरं का, पण खाली उतरला. एवढा टोमणा मारायचा बापाला हक्क आहे.

पार्काच्या कडेची आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत मात्र त्यातून सुटली. 1893 मध्ये विवेकानंद बोलले ते तिथेच. तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे ती, आणि तू मला मॉल दाखवलास.

तारांगणाच्या टोकावर गेलो. 1930 चं आहे, आत शिरलो नाही, असल्या उन्हात आत कोण जातं? तिथून सगळं शहर पाण्यातून उगवल्यासारखं दिसतं. तुझी इमारत सापडली. खालून मजले मोजत तुझी खिडकी शोधत होतो, तेविसाव्यावर चुकलो. दुसऱ्यांदा सतराव्यावर. तरी हात हलवून घेतला.

तिथून पुढे गर्दी विरळ झाली. एकोणतिसाव्या रस्त्याशी पाण्याकडे बघत बराच वेळ उभा होतो. 27 जुलै 1919, रविवार, असंच ऊन. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. काळ्यांचं पाणी कुठे संपतं आणि गोऱ्यांचं कुठे सुरू होतं, याची एक न दिसणारी रेघ तिथे होती. तराफा वाहत त्या बाजूला गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले, पोरगा बुडाला. पोलिसांनी त्या माणसाला धरलं नाही. दंगल उसळली आणि अडतीस जणांचा जीव गेला. ‘कायम मोकळी’ असं नकाशावर लिहून तेव्हा त्र्याऐंशी वर्षं झाली होती. आता तिथे पोरं ओरडत पाण्यात उड्या मारत होती, सगळ्या रंगांची. मी त्यांच्याकडे बघत बूट काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेलो. बर्फ आहे बर्फ!

आता शनिवारचं. उत्तरेला माँट्रोजच्या वाळूवर जाऊ. 2019 मध्ये पायपिंग प्लोव्हर या चिमुकल्या, दुर्मीळ पक्ष्यांच्या जोडीने तिथे घरटं केलं, शिकागोत साठहून जास्त वर्षांनी. त्यांच्यासाठी काठावरचा एक संगीत महोत्सव रद्द झाला. पक्षी दिसतील न दिसतील, दुर्बीण आईने न विचारताच बॅगेत कोंबली आहे. बसायचं मात्र वाळूवर, धक्क्यावर नाही. 1954 च्या जूनमध्ये पलीकडे वादळ धडकलं, आणि बादली हिंदकळावी तसं पाणी उलटून इकडे आलं. तोवर इथे सगळं शांत झालेलं. माँट्रोज आणि नॉर्थ अॅव्हेन्यूच्या धक्क्यांवर मासे धरत बसलेली आठ माणसं गेली. पाणीखात्यातला माणूस पाण्याला जरा जास्तच भितो, हस खुशाल.

सकाळी सहाला उठवीन. टोपीची आठवण कर.

तुझा,
बाबा