चार सेकंदांचा घोळ

ती. आई-बाबा,
सा. न.

आई परवा फोनवर विचारत होती, "एवढं काय त्या कॉम्प्युटरमध्ये अडकलंय?" आणि बाबांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही. म्हणून सरळ पत्रच लिहिते.

मी इथे बीएस्सीच्या मुलांची रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीची प्रॅक्टिकल्स घेते. त्यातला एक प्रयोग बेरियम-१३७एमचा. सीझियमपासून ते ताजं वेगळं करायचं, गायगर काउंटरखाली ठेवायचं आणि दर दहा सेकंदांत किती टकटक झाली ते मोजायचं. आकडे भराभर उतरतात, साधारण १५३ सेकंदांत निम्म्यावर. मुलं हे आकडे कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅमला देतात, तो त्यांवर रेषा बसवून हा निम्मं होण्याचा वेळ काढतो. आमच्या मुलांचं उत्तर मात्र १५७च्या आसपास यायचं. एखाद्याचा हात चुकला तर समजू शकते, पण सगळी एकाच बाजूला कशी चुकतील?

आधी सगळ्यांनी काउंटरवर खापर फोडलं. व्होल्टेज तपासलं, स्रोत नसतानाही होणारे काउंट वजा केलेत का ते पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग एका मुलीची वही घेऊन बसले आणि तिचे शेवटचे दहा आकडे वगळून रेषा पुन्हा बसवली. उत्तर हललंच नाही! पहिले दोन-तीन वगळले तर लगेच खाली आलं. म्हणजे प्रोग्रॅम फक्त सुरुवातीच्या आकड्यांचं ऐकत होता, बाकीचे नावापुरते.

मोठ्या आकड्यावर भरवसा जास्त ठेवायचा, हे बरोबरच. शंभर टकटक मोजल्या तर दहाचा फरक पडू शकतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार मोजल्या तर शंभराचा, म्हणजे एकच टक्का. पण किती जास्त?

बाबा, तुमच्या शुगरवरून सांगते. समजा लॅबने १२० सांगितली आणि त्यात पाचाचा फरक पडू शकतो. घरच्या मशीनने १४० दाखवली, त्यात दहाचा. सरळ सरासरी १३०. पण लॅबचा फरक निम्मा, म्हणून तिला दुपटीचा वर्ग, म्हणजे चौपट वजन. चार वेळा १२०, एकदा १४०, भागिले पाच, उत्तर १२४. नेमके हेच आकडे मी प्रोग्रॅमला खायला घातले. त्याने १२१.१८ दिलं. कागदावर उलटा हिशोब केला, तर लॅबला सोळापट वजन दिलं की बरोबर एवढंच येतं. चौपटीचाही वर्ग!

मग चूक सापडायला वेळ लागला नाही. पुस्तकात वजन म्हणजे एक भागिले सिग्माचा वर्ग (सिग्मा म्हणजे तो पडू शकणारा फरक), आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तसंच दिलं होतं. पण रेषा बसवायला त्याने नम्पाय नावाच्या तयार गणिती संचातलं पॉलीफिट हे फंक्शन घेतलं होतं. ते आधी वजनाने गुणतं आणि मग वर्ग करतं, म्हणून त्याला नुसतं एक भागिले सिग्मा द्यावं लागतं. त्याच्या माहितीत तसं स्पष्ट लिहिलंय. तरी त्या पोराला मी निष्काळजी म्हणणार नाही. रेषा दिसायला छान बसायची, हीच पंचाईत. वाकडी बसली असती तर पहिल्याच वर्षी कुणीतरी ओरडलं असतं.

ती ओळ दुरुस्त केल्यावर १५५ आलं. उरलेले दोन सेकंद खरंच काउंटरचे निघाले. एक टकटक नोंदवताना तो क्षणभर बहिरा होतो, त्यामुळे सुरुवातीच्या गर्दीत काही निसटतात. आणि प्रोग्रॅम नेमक्या त्याच आकड्यांना डोक्यावर घेऊन बसला होता! तीही दुरुस्ती घातली आणि १५३वर आलो.

आता वाद जुन्या जर्नल्सचा आहे. इथले सर म्हणतात, मार्क देऊन झाले, सोडून द्या. मला नाही पटत. "मोजताना आमची चूक झाली असावी" असं लिहून ज्यांनी मार्क घालवले, त्यांना तरी कळवायला नको का? सोमवारी मी विषय पुन्हा काढणार आहे.

बाबा, मशीनच्या पट्ट्यांची मुदत तेवढी बघून घ्या. आई, मेतकूट पोचलं, डबा फुटला नाही.

तुमची,
मनू