जोडणी माझी, पासवर्ड मात्र कंपनीकडे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरातले इंटरनेट अडखळू लागले की आपण केबलवाल्याला फोन करतो, तो ‘डबा एकदा बंद करून चालू करा’ असे सांगतो आणि बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. आमच्या घरी तो मिटेना. म्हणून मी माझ्या गरजेप्रमाणे वेगळा राउटर विकत घेतला आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटर चालवणारी मुक्त प्रणाली चढवली. हे सगळे दोन संध्याकाळींत झाले. मात्र माझ्याच जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळवायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांबद्दल लिहायचे आहे, पण मुळात एवढा खटाटोप का केला हे आधी सांगणे भाग आहे.

मी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. घर जुन्या सोलापुरातल्या एका पेठेत, पुढची ओसरी काळ्या दगडाची, भिंत हातभर जाड. फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून कंपनीच्या मुलाने त्यांचा डबा (फायबरचा सिग्नल उतरवून वायफाय देणारा राउटर) ओसरीतच, मीटरशेजारी ठोकला. सूनबाई पुण्याच्या कंपनीचे काम माजघरात बसून करतात. पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी दगडी भिंतीपलीकडे जवळजवळ पोचतच नाहीत, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पोचतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत. फोनवर पाहिले तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची एकोणीस नावे दिसली आणि त्यांतली अकरा एकाच चॅनेलवर होती. चॅनेल बदलणे हे पाच मिनिटांचे काम, पण डब्याच्या सेटिंगचे पान कंपनीने कुलूपबंद ठेवलेले.

दुसरा त्रास याहून छळणारा होता. नातू फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला की सूनबाईंच्या मीटिंगमधला आवाज तुटायचा. वेग मोजला तर तो पुरेसा भरायचा, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने तक्रारीला जागाच नव्हती. आपल्याकडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात टॉवेलचे गठ्ठे रचलेले असावेत आणि त्यांच्या मागे कुणाचे तरी छोटेसे पाकीट अडकून पडावे, तसाच हा प्रकार आहे. राउटर बाहेर जाणारी माहिती गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवतो आणि आवाजाचे छोटे तुकडे त्या ढिगामागे ताटकळतात. याला बफरब्लोट म्हणतात. यावरचा उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ या पद्धतीने मांडला आणि त्यातूनच घडलेल्या रांगा लावण्याच्या सुधारित पद्धती ओपनडब्ल्यूआरटीमध्ये फुकट मिळतात. कंपनीच्या डब्यात तसे काही नव्हते.

ही प्रणाली कुठून आली तेही थोडक्यात सांगतो. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरले असल्याचे उघड झाल्यावर लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीप्रमाणे २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, खुला करावा लागला, आणि त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. नावातली ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे त्या जुन्या निळ्या-काळ्या डब्याचीच.

राउटर निवडताना दुकानात अँटेना मोजत बसू नये. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर ती चालणाऱ्या राउटर-संचांचा तक्ता आहे, तो पाहूनच घराबाहेर पडावे. किमान १२८ एमबी रॅम आणि १६ एमबी फ्लॅश (प्रणाली साठवण्याची जागा) असेल तर पुढची काही वर्षे अडचण येत नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या संचांना आता आधारच राहिलेला नाही. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हार्डवेअरची आवृत्ती. टीपी-लिंक आर्चर सी६ या एकाच नावाखाली दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची, त्यामुळे एकाची फर्मवेअर फाइल, म्हणजे संचात चढवायची प्रणाली, दुसऱ्याला चालत नाही. आवृत्ती संचाच्या पोटावरच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेली असते. मी चष्मा लावून, खोके उघडून ती वाचू लागलो तेव्हा दुकानदार म्हणाले, “काका, आजवर हे कुणी बघितलं नाही.”

फर्मवेअर चढवताना माझ्याकडून एक ढोबळ चूक झाली. मे महिन्याची दुपार, आणि मी राउटर सरळ घरच्या प्लगवर ठेवला. निम्म्यात लाइट गेली. परत आली तेव्हा संचावरचा एकच दिवा मंद लुकलुकत होता, बाकी सगळे गार. माझ्या संचात टीएफटीपीची, म्हणजे बंद पडलेल्या संचात वायरीवरून फाइल पुन्हा भरण्याची, सोय होती म्हणून निभावले: लॅन वायर जोडून संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, फाइलचे नाव ठरल्याप्रमाणे ठेवायचे आणि रिसेटचे बटण दाबून धरत संच चालू करायचा. तिसऱ्या खेपेला जमले. तेव्हापासून राउटर आणि ओसरीतला डबा असे दोन्ही १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहेत. सोलापुरात हे काम करणाऱ्याने यूपीएस आधी घ्यावा आणि राउटर नंतर.

प्रणाली नव्याने बसते तेव्हा मूळ पासवर्ड रिकामा असतो आणि वायफाय बंद असते, म्हणून पहिले काम लॅन वायर लावून १९२.१६८.१.१ या पानावर जाऊन पासवर्ड ठेवण्याचे. कंपनीच्या डब्याचाही पत्ता पुष्कळदा हाच असतो आणि दोघे भांडतात. मी माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला. राउटर माजघरात आणला, त्यासाठी ओसरीपासून दारावरून लॅन वायर ओढली आणि पाच गिगाहर्ट्‌झचे वायफाय तिथेच चालू केले. १०० एमबीपीएसच्या जोडणीला रांगेची मर्यादा ९० वर बांधली, म्हणजे ढीग साचायच्या आधीच राउटर वेग आवरतो. पूर्वी व्हिडिओ चढत असताना पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे जायचा, आता तो चाळिशीत राहतो. सूनबाईंनी या विषयावर एवढेच म्हटले की मीटिंगमध्ये आता कुणी ‘परत सांगा’ म्हणत नाही.

सुरक्षेचा मुद्दाही यात येतो. पासवर्ड न लिहिता वायफाय जोडून देणारे डब्ल्यूपीएस हे बटण सोयीचे वाटते, पण त्याच्या आठ अंकी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते आणि त्यामुळे तो फोडायला जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या डिसेंबरमध्येच जाहीर झाले होते. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (परक्यांची उपकरणे दुरून राबवणाऱ्या टोळीने) जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले युजरनेम-पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. आमच्या ओसरीतल्या डब्याचे युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ होते आणि फर्मवेअरची तारीख चार वर्षांपूर्वीची. कुलूप ग्राहकासाठी होते, चोरासाठी नव्हते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. माझा राउटर थेट लाइनवर चालायचा तर ओसरीतला डबा ब्रिज मोडवर टाकावा लागतो, म्हणजे त्याने फक्त फायबरचा सिग्नल लॅन वायरीवर आणून द्यायचा आणि पीपीपीओईचे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन लाइन चालू करण्याचे, लॉगिन माझ्या राउटरने करायचे. तसे केले नाही तर घरात एकामागे एक दोन राउटर लागतात आणि पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. त्यासाठी मला तीनच गोष्टी हव्या होत्या: युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक. पहिल्या फोनला ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर मिळाले; कोणता नियम, हे सांगता आले नाही. दुसऱ्या फोनला वॉरंटी जाईल असे सांगण्यात आले, जणू नवा राउटरही त्यांनीच दिला होता. शेवटी तारा ओढणारा मुलगा घरी आला, चहा घेतला आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिन्ही गोष्टी बॉलपेनने लिहून दिल्या. तरी लाइन लागेना. कंपनीच्या सर्व्हरवर जुन्या डब्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातूनच आलेला ओळख क्रमांक) बांधलेला होता आणि तो सोडवायला आणखी चार दिवस आणि सहा फोन लागले.

कंपनीची बाजू मला कळते. एखाद्याने सेटिंग बिघडवायचे आणि ‘नेट बंद आहे’ म्हणून रात्री अकराला फोन करायचा, हा ताप त्यांनाच होतो. पण यातून वाट काढता येते. फायबर उतरवणारा डबा त्यांचाच राहू द्या, कारण त्याचा क्रमांक त्यांच्या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि तो बदलण्याची माझी मागणीही नाही. तक्रार आली तर त्या डब्याच्या लॅन तोंडाला आपला लॅपटॉप लावून लॉगिन करून पाहा. लाइन चालली तर दोष माझ्या राउटरचा, आणि फेरीचे पैसे माझ्याकडून खुशाल घ्या. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे आणि लॉगिनचा तपशील ग्राहकाला देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

सोलापुरातील इंटरनेट कंपन्यांना आणि केबलचालकांना माझी विनंती एवढीच आहे की नवी जोडणी देताना पावतीवरच युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक छापून द्यावा, ग्राहकाने मागितल्यास दोन दिवसांत ब्रिज मोड करून द्यावा आणि मॅक पत्ता सोडवण्याची सोय फोनवर ठेवावी. त्याच पावतीवर जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) स्वतंत्र आहे की अनेकांत वाटलेला, हेही लिहावे. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तो वाटलेला समजावा, आणि घरचा कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडण्याची धडपड करणाऱ्यांनी ती आधीच सोडून द्यावी. मी त्यात एक रविवार घालवला.

तो पावतीचा कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीत ठेवला आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी दोघांना स्वतःचा राउटर लावायचा आहे आणि दोघांचेही फोन करणे सध्या चालू आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सोलापूर