होडीचे यंत्र थांबले, तर आधी टाकी पाहा

महोदय,

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, की यंत्र बंद पडून होडी भरकटल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. कारण म्हणून त्यांत बहुधा ‘यांत्रिक बिघाड’ एवढेच दोन शब्द असतात. या शब्दांआड पुष्कळदा यंत्राचा काहीच दोष नसतो, हे मला यंदा स्वतःच्या खर्चाने कळले, म्हणून हे पत्र.

माझी होडी फायबरची आणि तिचे आऊटबोर्ड यंत्र (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) दोन स्ट्रोकचे, कार्ब्युरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे आहे. हंगामाच्या सुरुवातीला ते पहिल्याच ओढीला सुरू होई, दोन-तीन मिनिटे नीट चाले आणि मग आचके देत थांबे. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतला. फरक पडला नाही. कर्ली नदीच्या मुखाशी, ऐन ओहोटीच्या ओढीत ते पुन्हा थांबले, तेव्हा आम्ही आधी नांगर टाकला. सोबतच्या वयस्कर तांडेलाने (होडी चालवणाऱ्या प्रमुख खलाशाने) यंत्राला हातही न लावता पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा चाचपला. तो आत ओढला जाऊन चपटा झाला होता. त्यांनी टाकीचे झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा आवाज झाला, फुगा पुन्हा गोल झाला आणि यंत्र थेट जेटीपर्यंत चालले. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणावरचा हवेचा स्क्रू मेअखेरीस मीच आवळला होता. टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते; ती आली नाही, की पंप पेट्रोल ओढू शकत नाही.

हा फुगा बोलका असतो. तो चपटा झाला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. कितीही दाबला तरी टणक होत नसेल, तर तडकलेल्या नळीतून किंवा जोडाच्या झिजलेल्या रबरी रिंगमधून हवा ओढली जात असण्याचा संभव मोठा. यंत्र थांबू लागताच फुगा दाबत राहिल्याने ते तगले, तर इंजिनावरचा पेट्रोलपंप किंवा त्याचा पडदा तपासावा. फुगा टणक आहे, पण चोक ओढल्याशिवाय यंत्र टिकत नाही, अशी स्थिती असेल तरच कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात) सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसल्याचा संशय घ्यावा. मेकॅनिकवर अन्याय नको म्हणून सांगतो, की माझ्या यंत्रात पुढे तोही दोष निघाला आणि तेव्हा जेट साफ करण्याचाच उपयोग झाला. दहा-पंधरा मिनिटे चालून, तापून यंत्र थांबत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे की नाही, हे पाहावे.

पेट्रोलविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. अर्धी भरलेली टाकी कोकणातल्या पावसाळ्यात दोन महिने पडून राहिली, की दमट हवेतले पाणी आत साचते. ते एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पेट्रोल उचलणारी नळीही तळाशीच असल्याने यंत्राला आधी हाच थर मिळतो. दोन स्ट्रोकच्या यंत्रात धोका दुहेरी आहे, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि खालच्या थरातून पिस्टनला वंगण जवळजवळ मिळतच नाही. जुन्या टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवले, तर थर डोळ्यांना दिसतो. दिसला, तर ते पेट्रोल वापरू नये. ‘महाग आहे, नव्यात मिसळून संपवू’ हा मोह मलाही झाला होता.

माझी विनंती साधी आहे. माझ्या यंत्रासोबत मिळालेली पुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती होडीवर कोणी उघडत नाही. विक्रेत्यांनी यंत्रासोबत मराठीतले एक पान द्यावे आणि टाकीच्या झाकणाजवळ चिकटवता येईल असे ते पाणी न लागणाऱ्या कागदावर छापावे. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, होड्या उतरण्याआधी, बंदरावरच एका चालू यंत्राचा हवेचा स्क्रू आवळून ते कसे थांबते, हे सर्वांना दाखवावे. त्यासाठी यंत्र बुडवून चालवायला पाण्याचे एक पिंप आणि अर्धा तास पुरेसा आहे.

– एक होडीमालक, देवबाग, ता. मालवण