सुमनला पत्र: घरघंटी, गटार आणि धूर

नाशिक, रविवार

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. वरच्यांची घरघंटी रात्री साडेदहाला सुरू होते आणि सासूबाई दचकून उठून बसतात, हे वाचून जीव कळवळला. 'उगाच वाईटपणा कशाला घेऊ' असं लिहिलंयस. अगं, आठ महिने गप्प राहिलीस आणि आता जिन्यात त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस. मग वाईटपणा यायचा राहिला कुठे?

त्यांना एकदा खाली, तुझ्या घरात बोलाव. दळण चालू असतानाच. वर त्यांना नुसता आवाज ऐकू येतो, खाली स्लॅबमधून जी थरथर उतरते ती त्यांना ठाऊकच नसते. आमच्या वरच्या वहिनी आमच्या खोलीत आल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी घरघंटीच्या पायांखाली जाड रबर घातलं, ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. दळण आता दुपारी असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची धरली आहे आणि वस्तीसाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण हे आकडे सांगायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमचं गटाराचं प्रकरण तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. आधी आईच्या न्हाणीघरातून वास यायचा. ती गेल्यापासून ते बंदच होतं, आणि मी मनातल्या मनात शेजारच्यांना दोष देत होते. न्हाणीतल्या जाळीखालच्या ज्या भांड्याला प्लंबर नानी ट्रॅप म्हणतात ना, त्यात दोन इंच पाणी साचलेलं असतं, तेच गटारातली हवा अडवतं. वापर नसला की ते सुकतं. प्लंबरने येऊन बादलीभर पाणी ओतलं, वास गेला. आता दर रविवारी मी तिथे तांब्याभर पाणी ओतते. तिच्या खोलीत तेवढं जाणं होतं.

पुढे जूनमध्ये मात्र मोरीतून खरंच पाणी उलटं आलं. आवारातल्या चेंबरचं झाकण काढलं तर आत पांढरा, साबणासारखा घट्ट थर. तळणीचं तेल आणि भाताची पेज, बारा स्वयंपाकघरांची. त्यात आमचंही होतंच. कमिटीतल्या एकांनी ओळखीचा माणूस बोलावला, आत उतरणारा. विशीतला पोरगा, पायात रबरी चप्पल, हातमोजेसुद्धा नाहीत. मी झाकणापाशी उभी राहिले आणि उतरू दिलं नाही. आतल्या वायूने आधी नाकाचा वासच जातो, मग शुद्ध, आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. खूप बोलाचाली झाली. शेवटी जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटार मोकळं करणारी गाडी आली, वर्गणी प्रत्येकी थोडी जास्त पडली एवढंच. त्या पोराला चहा देऊन, येण्याजाण्याचे पैसे देऊन पाठवलं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

धुराचं थोडक्यात लिहिते. आमचे वॉचमनकाका थंडीत पहाटे पालापाचोळा पेटवायचे. त्या वेळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार, त्यामुळे धूर वर चढत नाही, खिडक्यांतून सरळ घरात शिरतो. धाकट्याला दम लागायचा. काकांना विचारलं तर म्हणाले, 'ताई, घंटागाडीवाले पाला घेत नाहीत, मी टाकू कुठे?' हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. कोपऱ्यात खड्डा खणला, आता पाला तिथे कुजतो.

हे शनिवारी तुमच्याकडच्या बाजूला येतायत. त्यांच्याबरोबर रबराचे चार तुकडे पाठवते, वरच्यांना दे. सासूबाईंना नमस्कार.

तुझीच,
मंगल