चार्जरचा नंबर बिलावर का लिहीत नाहीत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात एखादी तरी बातमी येतेच, चार्जिंगला लावलेला मोबाईल फुटला, गादी जळाली, पोराचा हात भाजला. बातमीत गावाचं नाव असतं, "सुदैवाने जीवितहानी टळली" असतं, पण चार्जर कुठला होता, बॅटरी कंपनीची होती का बदललेली, तिच्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर होता का नव्हता, हे काही केल्या सापडत नाही. पंचनाम्यातच नसतं तर वार्ताहर तरी कुठून आणणार, ते समजतं मला. पण होतं काय, नाव मोबाईलचं खराब होतं आणि जळालेला अ‍ॅडाप्टर उकिरड्यावर जातो, आठ दिवसात तसाच दुसरा घरात येतो.

माझं चोपड्याला मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक रिपेरिंगचं छोटंसं दुकान आहे. जळालेले चार्जर टेबलावर नेहमीचेच, आणि मला ते उघडून बघायची खोड आहे. चांगल्या चार्जरमधे २३० व्होल्टची बाजू आणि मोबाईलकडे जाणारी ५ व्होल्टची बाजू यांच्यात मोकळी जागा सोडलेली असते, बऱ्याचदा पीसीबीला (आतल्या सर्किटच्या पट्टीला) खाच कापलेली असते, मधे ऑप्टोकपलर (दोन बाजू वायरने न जोडता उजेडाने सिग्नल देणारा पार्ट) असतो, आत येणाऱ्या करंटला फ्यूज असतो. लोकल मालात फ्यूजच्या जागी सरळ वायरचा तुकडा, ट्रान्सफॉर्मरला टेपचा नावाला एक वेढा, आणि दोन्ही बाजू इतक्या जवळ की पावसाळ्यात ओल धरली तर २३० व्होल्ट थेट हातातल्या फोनमधे. चार्जिंगला लावूनच कानाला धरणारे आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे.

आता लोक म्हणतात सरकार झोपलंय का, असा माल देशात येतोच कसा. तर कायदा आहे, आणि चांगला आहे. केंद्राने २०१२ ला आदेश काढला की ठराविक इलेक्ट्रॉनिक वस्तू बीआयएसकडे रजिस्टर केल्याशिवाय बनवायच्या नाहीत, आयात करायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. पहिल्या यादीत लॅपटॉप, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह असे १५ प्रकार होते, २०१४ ला आणखी १५ आले, त्यात मोबाईल, त्याचा अ‍ॅडाप्टर, बॅटरी, पॉवर बँक, एलईडी बल्ब हे सगळं आलं, पुढे ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस इअरफोन पण. परदेशातल्या कारखान्याला सुद्धा नमुना बीआयएसने मान्य केलेल्या लॅबमधे तपासून घ्यावा लागतो आणि भारतात जबाबदार असा एक प्रतिनिधी नेमावा लागतो. नंबर मिळतो तो आर आणि पुढे आठ आकडे असा, वस्तूवर बीआयएसच्या चिन्हाखाली तो छापलेला असतो आणि वरती स्टँडर्डचा नंबर, अ‍ॅडाप्टरला आयएस १३२५२, लिथियम बॅटरीला आयएस १६०४६. नवीन मालावर १३२५२ च्या जागी ६२३६८ दिसलं तर घाबरू नका, ते नवीन स्टँडर्ड आहे. रजिस्ट्रेशन नसलेला माल बंदरावर सापडला तर परत पाठवायचा, नाहीतर मोडून भंगारात काढायचा असंही त्या आदेशात आहे.

म्हणजे बंदरावर पहारा आहे, लॅबमधे पहारा आहे, आणि चोपडा, शहादा, शिरपूर, रावेरच्या काउंटरवर कोणी नाही. माल सुटे भाग म्हणून आला, पेटीत भरून इथं पोचला, बिना बिलाचा विकला गेला की संपलं. बीआयएसची ऑफिसं मुंबई, पुणे, नागपूरला, खान्देशात नाही, आणि तिथला माणूस काही धडगावच्या बाजारात चार्जर तपासायला येणार नाही.

आणि आपल्याकडे हे तपासणं पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गरजेचं आहे साहेब. लिथियम सेलची तपासणी करताना चार्जिंगची वरची मर्यादा साधारण ४५ डिग्री धरतात. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा तिथं जाऊन बसतो, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका, म्हणजे इथं चांगली बॅटरी पण कडेवर चालते आणि स्वस्तातली तर आधीच पलीकडे गेलेली असते. त्यात लाईटीचा खेळ. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतं, डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास पण येऊ शकतं. तेव्हा रजिस्टर असलेला चार्जरसुद्धा जळतो, ते मी नाकारत नाही, बऱ्याच गिऱ्हाइकांना वाटतं आयएसआय म्हणजे जळणारच नाही, तसं काही नसतं. फरक एवढाच की तपासणीत मुद्दाम बिघाड करून बघतात, आतला एखादा पार्ट शॉर्ट केला तरी आग लागता कामा नये आणि हाताला शॉक बसता कामा नये. चांगला चार्जर मरतो तर एकटा मरतो.

आता नंबर असला म्हणजे झालं का, तर नाही. दुसऱ्याचा नंबर छापायला काय लागतं. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, फुकट आहे, त्यात आर नंबर टाकला की कारखाना कुठला, ब्रँड कोणता, वस्तू कोणती, रजिस्ट्रेशन चालू का बंद, सगळं दिसतं. नंबर खरा निघाला म्हणून खूश व्हायचं नाही, ब्रँड आणि वस्तू जुळवायची. चार्जरवर छापलेला नंबर एलईडी बल्बचा निघाला तर समजून जायचं. काही जण सीई दाखवतात, "हे बघ भो, इंटरनॅशनल मार्क आहे". तो युरोपसाठीचा मार्क आहे, बऱ्याच वस्तूंवर कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावून घेते, आपल्या कायद्यात तो बीआयएसच्या जागी चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा आर नंबर बिलावर लिहिणं सक्तीचं करा. शेतकऱ्याला हे नवीन नाही. कापसाच्या बियाण्याचं पाकीट घेतलं की कृषी केंद्रवाला बिलावर लॉट नंबर टाकतो, कृषी खातं दर हंगामात सांगतं की बिल आणि पाकीट जपून ठेवा, बी उगवलं नाही तर त्याच्यावरच तक्रार चालते. लॉट नंबर नसलेलं बिल जो शेतकरी घेत नाही तोच शेतकरी रात्रभर उशाशी चालणारा चार्जर बिनबिलाचा घेतो. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलंच आहे, आणि त्याच कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्याकडून, काही वेळा विकणाऱ्याकडूनही भरपाई मागता येते. पण मागणार कुणाकडे? वस्तू जळून कोळसा झालेली, तिच्यावरचं छापलेलं गेलं, बिलावर फक्त "चार्जर १ नग". नंबर कागदावर असता तर कारखान्यापर्यंत जाता आलं असतं. पंचनाम्यात, बातमीत तोच नंबर उतरला असता.

दुकानदार भाऊ म्हणतील अजून एक झंझट. मी पण दुकानदारच आहे, आठ आकडे लिहायला काही वेळ लागत नाही, मोबाईल विकताना आपण पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख नंबर, बिलावर लिहितोच ना. जो लिहायला का कू करेल त्याच्याकडे लिहिण्यासारखा नंबरच नाही, असं गिऱ्हाइकाने धरून चालावं. नुकसान होईल ते खोट्या मालवाल्याचं, आणि आज त्याच्यामुळेच खरा माल ठेवणाऱ्याचा धंदा मार खातो कारण गिऱ्हाईक म्हणतं शेजारी तर शंभरच्या आत देतो.

एक अजून, शेतकऱ्यांसाठी. मोटारीला जे मोबाईल स्टार्टर बसवतात, सिम टाकलेले, घरून मिस कॉल दिला की मोटार चालू, ते आता केळीच्या पट्ट्यात खूप दिसतात. त्याच्यात जीएसएम मॉड्यूल (मोबाईलचं नेटवर्क पकडणारा भाग) असतं म्हणजे त्याला पण आयएमईआय असतो. मोबाईलचा आयएमईआय खरा का खोटा हे इंग्रजीत केवायएम (KYM), मधे जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर टाकला की कळतं, संचार साथी पोर्टलवर पण कळतं. स्टार्टर घेताना निदान आयएमईआय बिलावर लिहून मागा. बऱ्याच जणांना माहितीच नाही की ब्लूटूथ, वायफायवाल्या वस्तूला बीआयएसशिवाय दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या विभागाची ईटीए नावाची मंजुरी वेगळी लागते, राउटरसारख्या सामानाला त्याच खात्याच्या टीईसी या तांत्रिक केंद्राचं सर्टिफिकेट वेगळं. बीआयएस बघतं शॉक आणि आग, डब्ल्यूपीसी बघतं फ्रिक्वेन्सी, एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. आणि सातपुड्याच्या कडेच्या गावात रेंज नाही म्हणून जे ऑनलाईन बूस्टर मागवून छतावर लावतात, ते खाजगी माणसाने लावणंच बेकायदेशीर आहे, शेजारच्या टॉवरची रेंज त्याने अजून बिघडते. मोलगी-धडगावच्या लोकांचा मी दोष काढत नाही, रेंज देत नाही तर माणूस करणार काय, पण त्याचं उत्तर टॉवर आहे.

सुरुवात सरकारी खरेदीपासून करायला कोणाची हरकत नसावी. ग्रामपंचायती एलईडी पथदिवे घेतात, शाळा प्रोजेक्टर आणि कॅमेरे घेतात. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना तर ९ एप्रिल २०२५ पासून शॉक-आगीच्या तपासणीबरोबर डेटा सुरक्षेची तपासणी पण लागू झालीय, तरी मी पाहिलेल्या कोटेशनमधे "कॅमेरा २ मेगापिक्सल, ४ नग" एवढंच असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हा परिषदांनी कोटेशनच्या फॉर्मवर आर नंबरचा एक रकाना वाढवावा आणि माल आल्यावर ग्रामसेवकाने अ‍ॅपवर जुळवून मगच बिल काढावं. याला नवीन कायदा लागत नाही, मुंबईची परवानगी लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. आपल्या पेपरने तिन्ही ठिकाणच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना हे विचारलं तर बरं होईल, आमच्यासारख्याच्या अर्जाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही. आणि ज्याला आजच तक्रार करायची असेल त्याने त्याच अ‍ॅपवरून करावी, नाहीतर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, फक्त जळालेली वस्तू फेकून देऊ नका.

आपला,
एक रिपेरिंगवाला वाचक
चोपडा, जि. जळगाव