मामाशी बोलणं टाकलंस म्हणून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मामा आणि तू मतदानाच्या टक्केवारीवरून बोलायचे थांबलात, हे मला मान्य नाही. तुमचे पक्ष वेगळे आहेत याचं मला काही वाटत नाही. तुझे आजोबा शेकापचे आणि त्यांचे थोरले भाऊ काँग्रेसचे. प्रचारात दोघं समोरासमोर उभे असायचे. पण सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या एकाच रेडिओवर ऐकायचे आणि भांडायचे ते त्या ऐकून झाल्यावर. तो रेडिओ सरकारचा होता, आणीबाणीत त्यानं कितीतरी गोष्टी दडवल्या, त्यामुळे ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. मामाचे यूट्यूबवाले वेगळे, तुझे वेगळे, आणि एकाच निवडणुकीबद्दल तुम्हा दोघांना ठाऊक असलेलं एकमेकांशी कुठेच जुळत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेचंच घे. पाच वाजता ५८.२२ टक्के आणि अंतिम ६६.०५ टक्के. तू म्हणालास चोरी, मामा म्हणाला हरलेल्यांचं रडगाणं. हा आकडा केंद्रावरून वर जातो तरी कसा, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. शाळेत शिकवत असताना केंद्राध्यक्ष म्हणून सह्या केलेली बाई घरातच बसली होती.

आता ऐक. दिवसभर दर दोन तासांनी आम्ही टक्केवारी कळवायचो. दारात रांग, बोटाला शाई लावणं चालू, आणि तेवढ्यात झोनल अधिकाऱ्याचा फोन. रजिस्टर बघायचं आणि त्या घटकेचा आकडा सांगून टाकायचा. पाच वाजताचा आकडा असा घाईतला. सहाला फाटक बंद होतं, पण आवारात जे उभे आहेत त्यांचा हक्क जात नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे येत आम्ही त्यांना नंबरच्या चिठ्ठ्या वाटतो, म्हणजे मागे कुणी नवा घुसू नये. ते सगळे संपले की सर्वांसमोर ‘क्लोज’चं बटण दाबायचं.

मग भरायचा तो ‘सतरा सी’ नावाचा फॉर्म, म्हणजे केंद्रावरच्या मतांचा हिशेब. यंत्रांचे नंबर, किती जणांनी मतदान केलं, यंत्रात एकूण मतं किती, सीलचे नंबर. त्यावर केंद्राध्यक्षाची सही, हजर असलेल्या एजंटांच्या, म्हणजे उमेदवारांनी केंद्रावर बसवलेल्या माणसांच्या सह्या, आणि प्रत्येक एजंटाला एकेक प्रत. हरणाऱ्या पक्षाच्या माणसाच्या हातातही तोच कागद, तीच बेरीज. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच्याशी ताडून बघतात. मी एवढी वर्षं नोकरी केली, पण एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका कागदावर सही करताना पाहिली ती फक्त त्या संध्याकाळी. पाच वाजल्यानंतरची मतं खोटी असतील, तर सतरा सीचा आणि निकालाचा आकडा कुठेतरी वेगळा यायला हवा. कुठल्या केंद्रावर वेगळा आला ते दाखव, मग मी तुझ्या बाजूनं मामाशी भांडेन.

शिवाय २८८ मतदारसंघांत प्रत्येकी ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या, मोजल्या, एकूण १४४०, आणि कुठेही तफावत आली नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. हे मामा तुला सांगतो, आणि बरोबर सांगतो.

मामा जे सांगत नाही तेही ऐक. सतरा सीच्या प्रती सर्वांना दिसतील अशा टाका, ही मागणी २०२४ च्या लोकसभेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. निवडणूक आयोग म्हणाला, प्रतींत फेरफार करून लोक गोंधळ माजवतील. न्यायालयानंही निवडणूक चालू असताना तसा आदेश दिला नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि सीसीटीव्हीसारखं चित्रण लोकांना तपासायला मिळणं बंद झालं. मला हे मुळीच पटत नाही. ज्या कागदावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून अंक अन् अंक तपासला, तो लपवायचा कशाला? मामाला हे बोलायला जड जातं, कारण ते त्याच्या पक्षाला अडचणीचं आहे. तुलाही एक गोष्ट अशीच जड गेली. मुंबई उत्तर-पश्चिमला लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा ओटीपीनं ईव्हीएम उघडल्याची बातमी तू ग्रुपवर टाकलीस. छापणाऱ्या पेपरनं नंतर माफी मागितली. ती माफी काही तू टाकली नाहीस.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाचा विचार माझ्या मनातून जात नाही. मतदारसंघात गावकऱ्यांचा उमेदवार निवडून आला होता, तरी आपल्या गावच्या केंद्रावरचा आकडा लोकांना पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. गावानं ते घेतलं असतं, तर कुणी कुणाला मत दिलं हे चार गल्ल्यांत कळलं असतं, म्हणून ते नको होतं असंच मला वाटतं. पण बंदोबस्तानं कुणाची शंका फिटली? अधिकाऱ्यांनी सतरा सी घेऊन चावडीत बसायला हवं होतं, रजिस्टर आणि सह्या दाखवत, लोक विचारतील तितका वेळ.

आणि एजंट. पहाटे मॉकपोलला, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीला, किमान ५० मतं टाकून, चिठ्ठ्यांशी जुळवून, यंत्र पुन्हा शून्यावर आणून दाखवायचं असतं. एजंट आले नाहीत तर पंधरा मिनिटं वाट बघून पुढे जावं लागतं. किती पक्षांचे एजंट वेळेवर येतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचार. फेसबुकवर रात्रभर जागणारी पोरं तिथे साडेपाचला नसतात.

तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. पुढच्या निवडणुकीला तुझ्या पक्षाकडून आपल्या शाळेतल्या केंद्रावर एजंट म्हणून बस. मामाला मी विचारलं, तो त्याच्या पक्षाकडून बसायला तयार आहे. तू रजेचं बघ आणि मला नाही, मामाला फोन करून कळव.

तुझी,
आई